निर्वासित लेखक आणि आश्रयाची मुदत

१२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा येथे एका व्यासपीठावर सलमान रश्दी यांच्यावर सुऱ्याने हल्ला झाला. त्या बातमीतील एक तपशील सहज नजरेआड होतो. त्या दिवशीच्या कार्यक्रमाचा विषय होता, देश सोडावा लागलेल्या लेखकांना अमेरिकेत मिळणारा आश्रय. रश्दींशी संवाद साधण्यासाठी बसलेले हेन्री रीस हे पिट्सबर्ग शहरात अशा लेखकांसाठी घरे चालविणाऱ्या संस्थेचे एक संस्थापक होत. ह्या हल्ल्यात रीसही जखमी झाले आणि रश्दींचा एक डोळा कायमचा गेला. हल्लेखोरास मे २०२५ मध्ये २५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. परंतु ज्या विषयावर त्या सकाळी बोलावयाचे होते आणि जो बोलता आला नाही, तो विषय मात्र अजून तसाच उभा आहे.

मित्रहो, लेखकाला आपला देश सोडावा लागतो तेव्हा तो नेमके काय गमावतो, हे आधी पाहिले पाहिजे. सुतार, लोहार किंवा कापड गिरणीतला जाणता कामगार परक्या मुलुखात गेला तर त्याचे हाल होतात, हे खरेच. पण त्याच्या हातातले कसब सरहद्दीवर काढून घेता येत नाही. लेखकाचे कसब त्याच्या भाषेत असते. सरहद्द ओलांडली की त्याचा वाचक, त्याचा संपादक, त्याला पाच-पन्नास रुपयांचे का होईना पण मानधन पाठविणारे मासिक आणि बाजारात कानावर पडणारी जिवंत बोली, हे सारे एकदम सुटते. म्हणजे त्याचे घर आणि त्याचा रोजगार एकाच दिवशी जातो. निर्वासित लेखकांसाठी निघालेल्या शिष्यवृत्त्या आणि निवासयोजना ह्या दुहेरी बेकारीवरचा उपाय म्हणून जन्माला आल्या. हा उपाय कोठे पुरा पडला आणि कोठे अपुरा ठरला, ह्याचा जवळजवळ नव्वद वर्षांचा अनुभव आता जगाच्या गाठीशी आहे.

हिटलर जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आला आणि १० मे रोजी बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांच्या पुढाकाराने हद्दपार प्राध्यापकांच्या मदतीसाठी एक मंडळ स्थापन झाले. तेथील अध्यापकांनी आपल्या पगारातून त्याला वर्गणी दिली. प्राध्यापकाला निदान एखादे विद्यापीठ मिळू शकत होते. कादंबरीकाराला आणि कवीला कोण विचारणार? त्यांच्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अमेरिकन गिल्ड फॉर जर्मन कल्चरल फ्रीडम’ ही संस्था निघाली. तिच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या निर्वासित अकादमीच्या प्रमुखपदी साहित्यासाठी टॉमस मान आणि विज्ञानासाठी सिग्मंड फ्रॉइड होते. ह्या संस्थेने दरमहा थोडे डॉलर, तेही काही महिन्यांपुरते, असे वेतन अनेक लेखकांना दिले. रॉबर्ट मुसिल आणि हेरमान ब्रोख यांच्यासारख्या विसाव्या शतकातील श्रेष्ठ कादंबरीकारांना ह्या मदतीचा आधार घ्यावा लागला, एवढ्यावरूनच त्या काळाची कल्पना यावी. पैसा थोडा आणि अर्ज फार अशी अवस्था होती. युद्ध पेटल्यावर संस्थेचे कामच थांबले.

१९४० मध्ये फ्रान्स पडला. तेथे आश्रय घेतलेले जर्मन व ऑस्ट्रियन लेखक पुन्हा पकडले जाण्याची वेळ आली. अमेरिकन मदत समितीच्या वतीने व्हॅरियन फ्राय हा तरुण पत्रकार मार्सेय बंदरात उतरला. जेमतेम एका वर्षात खरीखोटी कागदपत्रे जमवून त्याने सुमारे दोन हजार माणसांना बाहेर काढले. हाइनरिश मान सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना पिरेनीज पर्वत पायी ओलांडून स्पेनमध्ये उतरले. अमेरिकेत हॉलिवुडच्या चित्रपट कंपन्यांनी अशा काही लेखकांना आठवड्याला शंभर डॉलरचे, एका वर्षाच्या मुदतीचे करार दिले होते. हाइनरिश मान यांना वॉर्नर ब्रदर्सने आणि आल्फ्रेड डोब्लिन यांना एमजीएमने असा करार दिला. ह्या करारांनी अमेरिकेत प्रवेश मिळवून दिला आणि प्राण वाचविले, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. पण कंपनीला त्या लेखकांच्या लेखनाची खरी गरज नव्हती. ते कचेरीत बसत, इंग्रजीत पटकथा लिहिण्याचा प्रयत्न करीत आणि ती कोणी वापरीत नसे. वर्ष संपले तसे करारही संपले. डोब्लिन बेकारभत्त्यावर आले. हाइनरिश मान यांना धाकट्या भावाच्या मदतीवर दिवस काढावे लागले. १९४४ मध्ये त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. पूर्व बर्लिनच्या कला अकादमीचे अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी परतण्याची तयारी चालू असतानाच मार्च १९५० मध्ये ते कॅलिफोर्नियात वारले. ज्या माणसाची पुस्तके जर्मनीत घरोघर वाचली गेली होती, त्याला नव्या देशात वाचकच उरला नव्हता.

ह्याच काळातील दुसरे उदाहरण मेक्सिकोचे आहे, आणि ते अधिक बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. स्पेनमधील प्रजासत्ताक फ्रँकोच्या सैन्याने चिरडत आणले तेव्हा मेक्सिकोचे अध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी आपल्या देशाचे दरवाजे उघडले. सुमारे वीस हजार स्पॅनिश निर्वासित तेथे आले. त्यांतील लेखक, विचारवंत आणि शास्त्रज्ञ यांच्यासाठी १९३८ मध्ये ‘कासा दे एस्पान्या’ म्हणजे ‘स्पेनचे घर’ ही संस्था सरकारने काढली. लेखक आल्फोन्सो रेयेस तिचे प्रमुख झाले. १९४० मध्ये हिचेच रूपांतर ‘एल कोलेहिओ दे मेहिको’ ह्या संस्थेत झाले, आणि ती आज लॅटिन अमेरिकेतील नामवंत संशोधनसंस्थांपैकी एक आहे. मेक्सिकोतीलच ‘फोंदो दे कुल्तुरा एकोनोमिका’ ह्या प्रकाशनसंस्थेने निर्वासितांना भाषांतरकार व संपादक म्हणून काम दिले. कार्ल मार्क्सच्या ‘कॅपिटल’ चे व्हेन्सेस्लाव रोसेस यांनी केलेले स्पॅनिश भाषांतर ह्याच संस्थेने १९४६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे लॅटिन अमेरिकेतील कित्येक पिढ्यांनी मार्क्स वाचला तो ह्या निर्वासिताच्या शब्दांत. तत्त्वज्ञ होसे गाओस यांनी तर निर्वासित ह्या अर्थाचा रूढ शब्दच बाजूला सारून, एका मातीतून काढून दुसऱ्या मातीत लावलेला, अशा अर्थाचा नवा शब्द स्पॅनिशमध्ये घडविला.

येथे भाषा एकच होती, ही मोठी सोय होती, हे मान्य केले पाहिजे. पण केवळ भाषेने हे घडले नाही. त्याच मेक्सिकोत जर्मन निर्वासितांनी १९४२ मध्ये ‘एल लिब्रो लिब्रे’ ही प्रकाशनसंस्था काढली आणि आना झेगर्स यांची ‘सातवा क्रूस’ ही कादंबरी तिने मूळ जर्मनमध्ये छापली. मराठी माणसाला तर मेक्सिकोच्या ह्या वृत्तीची ओळख त्याआधीच पटली होती. गदर चळवळीतील क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांना मायदेशी परतणे अशक्य झाले, तेव्हा ह्याच देशाने त्यांना चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक केले. गव्हा-मक्याच्या वाणांवर त्यांनी तेथे संशोधन केले आणि दिएगो रिव्हेरा ह्या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. हॉलिवुडने लेखकाला वेतन देऊन एका खोलीत बसविले, मेक्सिकोने त्याच्या हाती काम दिले. दोन्ही ठिकाणी हेतू चांगलाच होता, पण परिणामांत केवढा फरक पडला हे उघड आहे.

मुंबईदेखील त्या काळी एक आश्रयनगरी होती, ह्याची आठवण आज फारशी राहिलेली नाही. प्राग येथील यहुदी पत्रकार व समीक्षक व्हिली हास हे बर्लिनच्या ‘दी लिटरारिशे वेल्ट’ ह्या प्रतिष्ठित साप्ताहिकाचे संपादक होते. १९३९ मध्ये ते मुंबईत आले आणि मोहन भवनानी यांच्या चित्रपटसंस्थेसाठी पटकथा लिहू लागले. १९४७ पर्यंत ते भारतात होते. त्यांच्याआधी आलेले त्यांचे मित्र वॉल्टर कॉफमन आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख होते. पहाटे आकाशवाणी सुरू होताना जी धून भारतातील घराघरांत वाजत आली, तिचे कर्तृत्व त्यांच्याकडेच दिले जाते. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’ त कलासंचालक झाले, आणि त्यांनी व त्यांच्यासारख्या इतर निर्वासितांनी ज्या तरुण चित्रकारांना हात दिला, त्यांतूनच १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. ह्यांपैकी कोणालाही ‘निर्वासित शिष्यवृत्ती’ मिळालेली नव्हती. नोकरी मिळाली होती, आणि नोकरीबरोबर ह्या शहराच्या सांस्कृतिक जीवनात वावरण्याची जागा मिळाली होती. त्या ग्रुपमधील एक चित्रकार पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. व्हिएन्नाच्या निर्वासितांनी ज्या पिढीला उभे राहण्यास मदत केली, त्या पिढीतल्या ह्या कलावंताला स्वतंत्र भारतातून २००६ मध्ये बाहेर पडावे लागले. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ मध्ये ते लंडनमध्ये वारले. आश्रय देणारा देश आणि हाकलून लावणारा देश हे दोन निराळे देश असतात, अशा समजुतीत कोणी राहू नये.

महायुद्धानंतर आश्रयाच्या कामात राजकारण अधिक उघडपणे शिरले. हंगेरीतील उठाव १९५६ मध्ये चिरडला गेला, तेव्हा बाहेर पडलेल्या लेखक-कलावंतांना ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’ ने मदत केली. ह्या संस्थेमागे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचा पैसा होता, हे १९६६-६७ मध्ये उघडकीस आले. तिच्या भारतीय शाखेशी जयप्रकाशजींसारख्यांचे नाव जोडले गेले होते, त्यामुळे हा आघात समाजवादी वर्तुळातही जाणवला. ह्यावरून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. एक असा की, ज्यांना मदत मिळाली ते सारे विकले गेलेले होते. बुडापेस्टच्या रस्त्यांवर रणगाडे पाहून पळालेल्या कवीला मदतीचा पैसा कोणाचा, हे विचारण्याची सवड नव्हती. दुसरा निष्कर्ष असा की, पैसा कोठून आला ह्याला महत्त्व नाही. महत्त्व आहे, कारण पैसा देणारा आपल्या सोयीचा निर्वासित निवडतो. मॉस्कोतून हाकललेल्या लेखकाचे स्वागत करणारी राजधानी चिली किंवा इराणमधील तुरुंगांविषयी गप्प राहते, आणि ह्याच्या उलट उदाहरणेही तेवढीच सापडतात.

ह्या बाबतीत हाइनरिश बोल यांचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी सोव्हिएत सरकारने अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांचा पहिला मुक्काम लांगेनब्रोइश गावातील बोल यांच्या घरी पडला. ह्याच बोल यांच्यावर दोन वर्षांपूर्वी पश्चिम जर्मनीतील उजवी वृत्तपत्रे दहशतवाद्यांचा पाठीराखा म्हणून तुटून पडली होती आणि त्यांच्या घराची पोलिसांनी झडती घेतली होती. सोल्झेनित्सिन यांची बरीचशी मते बोल यांना मान्य नव्हती. आश्रय देण्याआधी त्यांनी पाहुण्याची मते तपासून घेतली नाहीत. बोल यांच्या मृत्यूनंतर ते घर देशोदेशींच्या लेखक-कलावंतांच्या वास्तव्यासाठी खुले करण्यात आले.

आज जी व्यवस्था अस्तित्वात आहे, तिचा उगम अल्जीरियातील रक्तपातात आहे. १९९३ मध्ये तेथील कादंबरीकार व पत्रकार ताहर जाऊत यांच्यावर धर्मांध मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. ह्या हत्येनंतर लेखकांची एक आंतरराष्ट्रीय संसद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष रश्दी, दुसरे नायजेरियाचे वोले सोयिंका. राष्ट्रीय सरकारे परराष्ट्रधोरणाच्या हिशेबात अडकलेली असतात, तेव्हा शहरांनीच पुढे यावे, ही ह्या संसदेची मुख्य कल्पना होती. ती संसद काही वर्षांनी बंद पडली, पण कल्पना टिकली. २००६ मध्ये नॉर्वेतील स्टाव्हांगर येथे ‘आयकॉर्न’ हे आश्रयनगरांचे जाळे स्थापन झाले आणि आज सत्तरहून अधिक शहरे त्यात आहेत. शहराची नगरपालिका घर देते, साधारणपणे दोन वर्षांचे वेतन देते, मुलांची शाळा, दवाखाना आणि कागदपत्रे पाहणारा एक माणूस नेमते. अर्जदाराला खरोखर धोका आहे किंवा नाही, ह्याची छाननी लेखकांची संघटना ‘पेन’ करते. जर्मनीच्या पेन संघटनेने केंद्र सरकारच्या सांस्कृतिक निधीतून १९९९ पासून अशीच योजना चालविली असून तिची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढू शकते. पिट्सबर्गच्या संस्थेत २००४ मध्ये आलेले पहिले पाहुणे चिनी कवी ह्वांग श्यांग होते. चीनमध्ये अनेकदा तुरुंगात गेलेल्या ह्या कवीने मिळालेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर चिनी लिपीत स्वतःच्या कविता रंगविल्या. शेजाऱ्यांपैकी ती लिपी वाचता येणारे किती असतील? पण ज्याच्या कविता मायदेशी छापू दिल्या जात नव्हत्या, त्याने निदान आपली भिंत छापून घेतली.

त्या भिंतीतच ह्या योजनांची थोरवी आणि मर्यादा दोन्ही दिसतात. जीव वाचतो, डोक्यावर छप्पर येते, हात मोकळा होतो. पण वाचक मिळत नाही. पहिले वर्ष थंडी, परकी भाषा आणि सरकारी कागद समजून घेण्यात जाते. दुसऱ्या वर्षी लेखणीला कोठे गती येऊ लागते, तोच मुदतीचे दिवस मोजण्याची वेळ येते. तस्लिमा नसरीन यांचा प्रवास ह्या दृष्टीने पाहावा. ऑगस्ट १९९४ मध्ये बांगलादेश सोडून त्या स्वीडनमध्ये पोचल्या. त्याच वर्षी स्वीडिश पेनने त्यांना कुर्ट टुखोल्स्की यांच्या नावाचा पुरस्कार दिला. टुखोल्स्की हे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच स्वीडनमध्ये राहावयास आलेले जर्मन लेखक. नागरिकत्व गेले, भाषा तुटली, लिहिणे थांबले आणि डिसेंबर १९३५ मध्ये झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने त्यांचा तेथेच अंत झाला. ज्याला वाचविता आले नाही, त्याच्या नावाने दुसऱ्याला मदत करण्यात स्वीडिश लेखकांनी प्रामाणिकपणा दाखविला आहे. पुढे तस्लिमांना बर्लिनमध्ये शिष्यवृत्ती मिळाली. युरोपात त्यांना सन्मान होता, सुरक्षितता होती, पैसाही होता. तरीही संधी मिळताच २००४ मध्ये त्या कोलकात्यात येऊन राहिल्या, कारण तेथे बंगाली बोलली जात होती.

आणि कोलकात्यात काय झाले? त्यांच्या ‘द्विखंडित’ ह्या आत्मकथनावर पश्चिम बंगालमधील डाव्या आघाडीच्या सरकारने २००३ मध्येच बंदी घातली होती. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती उठविली. नोव्हेंबर २००७ मध्ये शहरात दंगल झाली, तेव्हा दंगलखोरांना आवरण्याऐवजी लेखिकेलाच शहराबाहेर नेण्यात आले. दिल्लीत कित्येक महिने त्या जवळजवळ नजरकैदेत होत्या आणि मार्च २००८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढे त्या भारतात परतल्या, पण त्यांचे वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणावर अवलंबून राहिले. २०२४ मध्ये तो परवाना संपून कित्येक आठवडे त्यांना काहीही कळविण्यात आले नव्हते. मतांच्या हिशेबापुढे डाव्यांनी मान तुकविली, हे डाव्या चळवळीतील माणसांनीच प्रथम बोलले पाहिजे. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी लढणे आणि त्यांच्यातील मूलतत्त्ववाद्यांना शरण जाणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत.

आश्रयाच्या दारावर आणखी एक विसंगती उभी असते. बांगलादेशातील सिल्हेट येथे अनंत विजय दास हे बँकेत नोकरी करणारे विज्ञानवादी लेखक होते. १२ मे २०१५ रोजी त्यांची भर रस्त्यात हत्या झाली. त्याआधी स्वीडिश पेनने त्यांना आपल्याकडे बोलाविले होते. स्वीडनच्या ढाक्यातील वकिलातीने प्रवेशपरवाना नाकारला. कारण काय, तर हा मनुष्य परत जाणार नाही अशी शंका होती. म्हणजे ज्या धोक्यामुळे बोलाविले, तोच धोका नकाराचे कारण ठरला. एका हाताने शिष्यवृत्ती पुढे करावयाची आणि दुसऱ्या हाताने दार लावून घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ढाक्यात प्रकाशक अहमदूर रशीद टुटुल यांच्यावर त्यांच्या कचेरीत प्राणघातक हल्ला झाला. त्याच दिवशी दुसरे प्रकाशक फैसल आरेफिन दीपन मारले गेले. टुटुल वाचले, नॉर्वेतील शीन शहराने त्यांना आश्रय दिला आणि त्यांनी तेथून आपले ‘शुद्धस्वर’ नियतकालिकाच्या रूपाने पुन्हा सुरू केले. ह्या माणसाला घराबरोबर त्याचे काम परत मिळाले, म्हणून त्याची गोष्ट वेगळी झाली. महाराष्ट्राला ही हकीकत दूरची वाटू नये. गोविंद पानसरे यांचा मृत्यू २० फेब्रुवारी २०१५ चा आणि ढाक्यातील अभिजित राय यांची हत्या २६ फेब्रुवारी २०१५ ची. दोहोंमध्ये सहा दिवसांचे अंतर आहे.

भारताला आश्रयाची परंपरा नाही, असे मुळीच नाही. १९८१ मध्ये पाकिस्तानी कवयित्री फहमिदा रियाझ झिया-उल-हक यांच्या राजवटीतील खटल्यांतून सुटून पती व मुलांसह भारतात आल्या. अमृता प्रीतम यांनी त्यांच्यासाठी इंदिरा गांधींकडे शब्द टाकला. जामिया मिलिया इस्लामिया ह्या विद्यापीठाने त्यांना निवासी कवयित्री म्हणून नेमले, आणि सुमारे सात वर्षे त्या दिल्लीत राहिल्या. उर्दू समजणारे शहर, विद्यापीठातील जागा आणि मैत्रिणींचा गोतावळा त्यांना लाभला; आजच्या भाषेत हिलाच लेखकनिवास म्हणतात. पण ती सोय एका पंतप्रधानांच्या मर्जीने झाली होती, कायद्याने नव्हे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि त्यांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाही देशात नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने शेजारच्या तीन देशांतून आलेल्यांसाठी दार उघडले, पण ते सहा धर्मांची यादी पाहून. आज एखादी फहमिदा किंवा एखादी तस्लिमा दाराशी आली, तर त्या यादीत तिचे नाव बसत नाही. धर्मांधांशी झगडल्यामुळे जी देशोधडीला लागली, तिलाच तिचा जन्मधर्म विचारून परत पाठविणारा हा कायदा आहे.

ह्यावर कार्यकर्त्यांच्या मनात एक रास्त शंका येईल. लाखो सामान्य निर्वासित छावण्यांत दिवस काढीत असताना मूठभर लेखकांसाठी वेगळी सोय कशाला? शंका टाळण्याजोगी नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ ह्या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती, आणि छावणीत त्यांच्या शाळा, त्यांचे प्रार्थनामंदिर, त्यांचे नाट्यप्रयोग चालत. अन्नवस्त्राइतकीच भाषाही निर्वासिताची गरज आहे, हे तेथे ओळखले गेले होते. लेखकाला आश्रय द्यावयाचा तो इतरांपेक्षा त्याचा जीव अधिक मोलाचा म्हणून नव्हे. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने तो बोलला, आणि त्यासाठीच त्याच्यावर हात उगारला गेला. तो गप्प झाला तर छावणीतील माणसाची हकीकत सांगणारा राहत नाही. अर्थात लेखकाची सोय हा सामान्य निर्वासिताच्या हक्काचा पर्याय होऊ शकत नाही. एका कवीला घर देऊन हजारो माणसांना सरहद्दीवर अडविणारे शहर आपल्या नावापुढे आश्रयनगर अशी पाटी लावू लागले, तर ती पाटी काढावयास लावणे हेदेखील चळवळीचेच काम आहे.

तेव्हा मागणी काय असावी, हे ह्या अनुभवातून स्पष्ट होते. पहिली मागणी कायद्याची. धर्म न विचारता, छळ झाला आहे किंवा होण्याचा धोका आहे ह्या एकाच कसोटीवर आश्रयाचा हक्क देणारा कायदा संसदेने करावा. दुसरी विद्यापीठांसाठी. फहमिदा रियाझ यांना मिळाली तशी निवासी लेखकाची जागा प्रत्येक मोठ्या विद्यापीठात नियमाने असावी, कोणाच्या शिफारशीने नव्हे. तिसरी महानगरपालिकांसाठी. नाट्यगृहे, वाचनालये आणि अतिथिगृहे ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांना एक घर आणि एक वेतन जड नाही. नगरसेवकांनी हा ठराव मांडून पाहावा. चौथी गोष्ट मात्र सरकारकडे मागण्याची नाही. पाहुण्या लेखकाचे भाषांतर करणे, त्याला सभेत बोलाविणे, त्याचा लेख मराठी नियतकालिकात छापून मानधन देणे, हे साहित्यसंस्थांना आणि कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येईल. बंगाली, उर्दू, नेपाळी, फारसी जाणणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. त्यांना ह्या कामाला जोडून घेतले पाहिजे. मदतीसाठी उभारलेला निधी लहान वर्गण्यांचा असावा आणि त्याचा हिशेब जाहीर व्हावा, म्हणजे पाहुणा निवडताना कोणा देणगीदाराकडे पाहावे लागणार नाही.

हाइनरिश मान यांना एक वर्षाचा करार मिळाला होता, व्हिली हास यांना मुंबईत काम मिळाले, रोसेस यांना भाषांतरासाठी मार्क्स मिळाला. तिघेही हिटलर व फ्रँको यांच्यापासून पळालेले. त्यांच्या पुढील आयुष्यांत जो फरक पडला, तो त्यांच्या गुणवत्तेमुळे पडलेला नाही. यजमान देशाने त्यांच्याकडे किती दिवसांचा पाहुणा म्हणून पाहिले, की आपल्यातला एक कामकरी म्हणून पाहिले, ह्यावरून तो पडला. पुढचा लेखक केव्हा आणि कोणत्या सरहद्दीवरून येईल, हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा त्याला किती महिने राहणार हे विचारण्याआधी त्याच्यासाठी कोणते काम काढून ठेवले आहे, हे सांगता यावे, एवढी तयारी मात्र आजपासून करता येण्यासारखी आहे.